मुळाची टेप

माझ्या सासूबाईंचा पाय मोडला तो सपाट जमिनीवर, कोरड्या फरशीवर आणि लख्ख उजेडात. पाय मोडल्यापेक्षा त्यांना हेच जास्त लागलं होतं. जिन्यावरून पडले असते तर सांगायला तरी बरं वाटलं असतं, असं त्या भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांनी घरातली सगळी घड्याळं उघडून परत जोडली होती, सासऱ्यांच्या तिन्ही चष्म्यांच्या काड्या घट्ट केल्या होत्या आणि आम्हा सगळ्यांना अगदी सळो की पळो करून सोडलं होतं. रिकामं बसणं हा प्रकारच त्यांना ठाऊक नव्हता.

सव्वीस वर्षं त्या एका काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात संगणक सांभाळायच्या. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत युनिक्सवर चालणारं एक जुनं यंत्र होतं, साधारण बुटक्या कपाटाएवढं. सगळे त्याला थोरला म्हणत. वाळू किती, सोडा किती, चुनखडी किती, फुटक्या काचेचा चुरा किती, हे सगळं थोरला तोलायचा आणि पट्ट्यावरून भट्टीच्या तोंडाशी पाठवायचा. सासूबाई दर शुक्रवारी त्याच्या पोटातलं सगळं टेपवर उतरवून घेत, म्हणून कारखान्यात त्यांचं नावच टेपबाई पडलं.

मी त्याच कारखान्यात लागले ती त्या निवृत्त झाल्यावर, स्वतः परीक्षा देऊन, स्वतः मुलाखत देऊन. तरी पहिल्या दिवशी चहा संपायच्या आत मी टेपबाईंची सून झाले होते. सासूबाईंच्या जागी आलेले गृहस्थ सहा वर्षांनी दुसरीकडे गेले आणि थोरला माझ्या गळ्यात पडला. तेव्हापासून दोन वर्षं झाली होती, पण त्या दोन वर्षांत आम्ही दोघी घरी कारखान्याविषयी चकार शब्द बोललो नव्हतो. मी विचारत नव्हते, कारण एकदा विचारलं की ते नाव मला कायमचं चिकटलं असतं. त्या का बोलत नव्हत्या हे मला सासऱ्यांनी एकदा हळूच सांगितलं होतं. निवृत्तीनंतरचा पहिला महिनाभर त्या फोनपाशी खुर्ची घेऊन बसायच्या. फोन आलाच नाही. मग एक दिवस खुर्ची उचलून आत नेली, आणि तो विषय संपला.

त्या सोमवारी सकाळी मी थोरल्याची साफसफाई करायला बसले. दर सोमवारी वाळूचे हौद झाडायला तासभर तोलाई बंद असते, तेवढ्यात उरकायचं होतं. थोरल्याची डिस्क भरत आली होती आणि तो चार दिवस कुरकुरत होता. काम दोन हुकुमांचं. पहिला हुकूम, जुन्या नोंदींच्या कप्प्यात जा. दुसरा, इथलं सगळं पूस आणि मला विचारत बसू नकोस. पहिल्या हुकुमात माझं एक अक्षर चुकलं. असा कप्पा नाही, असं थोरल्याने सरळ सांगितलं. पण मी तेव्हा दाराकडे तोंड करून प्रयोगशाळेतल्या केमिस्टबाईंशी बोलत होते, आणि बोलता बोलताच दुसरा हुकूम मारून मोकळी झाले.

आता, इथलं म्हणजे कुठलं? युनिक्समध्ये सगळ्या फायलींचं मिळून एक झाड असतं आणि ते जिथून सुरू होतं त्याला मूळ म्हणतात. यंत्र चालवणारी सगळी अवजारं त्या मुळाशी असतात. मी कुठल्याच कप्प्यात गेले नव्हते. मी मुळाशीच उभी होते, मालकिणीच्या अधिकाराने, आणि थोरला माझा शब्द प्रमाण मानून स्वतःला पुसत सुटला होता.

डिस्कचा दिवा बराच वेळ लुकलुकतोय हे केमिस्टबाईंनीच आधी पाहिलं. मी झडप घालून हुकूम थांबवला. मग काय उरलंय ते बघायला यादी मागितली. थोरला म्हणाला, यादी करणारं अवजार सापडत नाही. तारीख विचारली, सापडत नाही. शेवटी त्याला व्यवस्थित बंद करावं म्हटलं, तर बंद करण्याचं अवजारही सापडेना. केमिस्टबाईंनी मला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं की आता काय करायचं. मी घरचा नंबर फिरवला.

फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"आई," मी म्हटलं, "मी मूळ पुसलं."

सासूबाईंनी विचारलं, "किती?"

का, कसं, तुझं लक्ष कुठे होतं, यातलं काही नाही. फक्त किती. तो शब्द ऐकून मला एकदम श्वास आला. मला माहीत नाही, म्हटलं, यादीच मिळत नाही. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की कशालाही हात लावू नकोस आणि बंद तर मुळीच करू नकोस, तो अजून जागा आहे. मग इंग्रजीत एको असं लिहून, जागा सोडून, ताऱ्याची खूण टाकायला सांगितली. समोरचा पडदा हा एवढा एक शब्द स्वतःच्या तोंडाने बोलू शकतो, त्याला अवजार लागत नाही, असं त्या म्हणाल्या. मी तसं केलं, आणि खरोखरच उरलेल्या कप्प्यांची नावं एका ओळीत उमटली. इंग्रजी वर्णमालेप्रमाणे एलपर्यंतचं सगळं गेलं होतं. एमपासून पुढचं शाबूत होतं. काचेच्या सगळ्या कृती आणि तोलाईचा कार्यक्रम दुसऱ्या डिस्कवर होता आणि ती ज्या कप्प्यातून दिसायची त्याचं नाव यूवरून सुरू होत होतं.

"वर्णमालेने वाचवलं तुला," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काहीतरी खदखदत होतं. मला वाटलं राग आहे. "आता मुळाची टेप काढ."

मुळाची संपूर्ण टेप कपाटात होती, पण ते कपाट माझ्या आधीच्या गृहस्थांनी भट्टीकडच्या भिंतीला लावलेलं. टेपचं प्लास्टिक उन्हातल्या मेणबत्तीसारखं वाकलं होतं. शुक्रवारच्या छोट्या टेपा माझ्या खणात होत्या, पण त्यांच्यात फक्त मुळाच्या टेपनंतरचे बदल होते, मूळ नव्हतं. मी हे सांगितलं तेव्हा मी रडायच्या बेतात होते.

"माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी एक प्रत घरी आणली होती. काचेच्या भट्टीशेजारी एकच प्रत ठेवतं का कुणी? मी येते घेऊन."

"आई, अहो, तुमचा पाय."

"पाय कुठे टाइप करतो?" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या येईपर्यंत मी खाली जाऊन भट्टीमास्तरांना आणि कारखान्याच्या साहेबांना जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, माझ्या हातून झालं हेही सांगितलं. भट्टीमास्तर उंच, शांत गृहस्थ. त्यांची भट्टी अकरा वर्षांत एकदाही उपाशी राहिली नव्हती. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि कोठीत तयार मिश्रण दुपारी तीनपर्यंत पुरेल असं सांगितलं. त्यानंतर भट्टीतल्या काचेची पातळी उतरायला लागणार. साहेबांनी विचारलं की हाताने तोलून काम भागणार नाही का. भट्टीमास्तर म्हणाले की मागे एकदा भागवलं होतं, तेव्हा औषधाच्या पांढऱ्या बाटल्या पोपटी आल्या होत्या. यावर साहेब टेबलावरची पेनं एका रेषेत लावू लागले. चिंता वाटली की ते तसंच करत.

सव्वादहाला सासऱ्यांची गाडी आवारात शिरली. मागच्या सीटवर सासूबाई आडव्या बसल्या होत्या, प्लास्टरचा पाय सीटवर लांब केलेला, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली टेप. केस चापूनचोपून बसवलेले, अंगावर ठेवणीतली साडी, आणि चेहरा असा की बघणाऱ्याला वाटावं या बाई सहलीला निघाल्यात. मघाशी फोनवर खदखदत होता तो राग नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांना आनंद मावत नव्हता.

पण आमच्या खोलीला जायचा जिना लोखंडी, गोल, एकतीस पायऱ्यांचा. दोघांनी खुर्चीतून उचलावं तर वळणावर खुर्चीच अडकणार. सगळे जिन्याकडे बघत उभे राहिले. सासूबाई मात्र दुसरीकडेच बघत होत्या. तिकडे फोर्कलिफ्ट उभी होती, बाटल्यांचे पिंजरे पहिल्या मजल्यावरच्या मालाच्या दारापर्यंत चढवते ती.

साहेबांनी आधी नाही म्हटलं, मग त्याला नियम आहेत असं म्हटलं, मग भट्टीमास्तरांनी त्यांना तीन वाजताची आठवण करून दिली. दोन मिनिटांनी एका रिकाम्या पिंजऱ्यात ऑफिसातली खुर्ची ठेवली, सासूबाईंना तिच्यात बसवलं, पाय फोमच्या गठ्ठ्यावर ठेवला, माल बांधायच्या पट्ट्याने त्यांना खुर्चीला आणि खुर्ची पिंजऱ्याला बांधली. चालक त्यांना इतक्या हळू वर नेत होता, जणू काठोकाठ भरलेलं पातेलं चाललंय. सगळं पॅकिंग खातं काम सोडून बघत होतं. अर्ध्या वाटेत सासूबाईंनी हात वर केला आणि खालच्यांना हलवून दाखवला. सासरे गाडीपाशी उभे राहून डोळ्यांवर हात धरून होते, पण बोटांमधून बघत होते.

वरच्या दारातून त्यांना आत घेतलं तेव्हा मी हसत होते. त्या सकाळी मला हसू येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

खोलीत आल्यावर त्यांनी थोरल्याच्या माथ्यावर तळवा टेकवला. मग तळव्यावरची धूळ बघितली, आणि मग माझ्याकडे बघितलं. त्यांनी टेप मला दिली. लेबलावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, मूळ, संपूर्ण. भट्टीमास्तर ते वाचून चकित झाले. ते अजूनपर्यंत मुळ्याची टेप समजत होते आणि या कारखान्यात मुळ्याचं काय काम, असं कुणाला विचारावं या विचारात होते.

मी टेप खोबणीत सरकवली. मोटर घुमली, टेप मात्र हलली नाही. जरा वेळाने जळक्या रबराचा वास आला. टेप काढून आत बॅटरी मारली तर दिसलं, टेपला फिरवणाऱ्या छोट्या चाकावरचं रबर वितळून काकवीसारखं झालं होतं. छोट्या टेपांचा ड्राइव्ह वेगळा होता, म्हणून माझ्या शुक्रवारच्या टेपा चालत होत्या. हा मोठ्या जुन्या टेपांचा ड्राइव्ह कित्येक वर्षांत कुणी वापरलाच नव्हता.

सासूबाईंचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. हे चाक आता कुठेच मिळत नाही, त्या म्हणाल्या, त्यांच्या वेळीच मिळेनासं झालं होतं. त्या एकदम थकलेल्या दिसल्या, पाय मोडलेली एक वयस्कर बाई. आणि मला का कोण जाणे, माझ्या समोर उभ्या असलेल्या केमिस्टबाईंच्या खिशातून लोंबणारी तपकिरी रबरी नळी दिसली. त्यांच्या प्रयोगशाळेत अशा नळ्या जागोजागी असतात.

मी म्हटलं, "हिचा एक तुकडा चाकावर चढवला तर?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग नळीकडे. मग परत माझ्याकडे. "चार जाडीच्या घेऊन या," त्या केमिस्टबाईंना म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज परत ताठ झाला.

पुढचा पाऊण तास आम्ही चौघं त्या इवल्याशा चाकाभोवती डोकी जोडून होतो. केमिस्टबाईंनी स्पिरिटच्या बोळ्यांनी चिकटा खरवडून काढला. भट्टीमास्तर बाटल्यांचं तोंड मोजायचं माप घेऊन आले आणि त्यांनी चाकाची जाडी दोन वेळा मोजली. तिसरी नळी बसली, पण तिची कड तिरकी कापली गेली होती. मग त्यांनी खाली जाऊन काच कापायच्या पात्याने नवा तुकडा असा सरळ कापून आणला की त्यावरून बोट फिरवावं असं वाटे. नळी चढली. टेप आत गेली. आधी नुसती या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवली, इतकी वर्षं गुंडाळून राहिल्यामुळे तिचे थर एकमेकांना चिकटलेले असतात म्हणून. तिच्या फिरण्याचा सूं सूं आवाज ऐकून भट्टीमास्तरांनी चक्क टाळी वाजवली.

मग थोरल्याला बंद करायची वेळ आली. आतापर्यंत तो निदान जागा तरी होता. बटण दाबलं की स्वतःच्या बळावर तो परत उठणार नव्हता. मी बटणावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून राहिले. सासूबाई म्हणाल्या की टेपच्या सुरुवातीलाच एक चिमुकलं युनिक्स आहे, ते आधी उठेल आणि डिस्कच्या कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत तात्पुरतं बिऱ्हाड थाटेल, घर परत बांधून होईपर्यंत. मी डोळे मिटून बटण दाबलं.

बारा मिनिटं टेप गुरगुरली. मग पडद्यावर एक साधीशी खूण आली, हुकूम सोडा म्हणणारी.

यानंतरचं काम सगळ्यांत जोखमीचं होतं. डिस्कचा मुळाचा भाग कोरा करून त्यावर नवी मांडणी करायची. दोन डिस्कच्या नावांत फक्त एका आकड्याचा फरक, शून्य आणि एक. शून्याऐवजी एक लिहिलं की काचेच्या सगळ्या कृती साफ. सासूबाईंना टेबलाजवळ बसता येत नव्हतं, प्लास्टरचा पाय आडवा येत होता. म्हणून हात माझे आणि तोंड त्यांचं. त्यांनी मला हुकूम लिहायला लावला, मग मोठ्याने वाचायला लावला, मग शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायला लावला, मग केमिस्टबाईंकडून वाचून घेतला.

"आता मार," त्या म्हणाल्या.

मारला. आकड्यांच्या रांगा धावल्या आणि थांबल्या. कोरी जमीन तयार झाली. मग आम्ही टेपवरून मूळ उतरवायला सुरुवात केली. पन्नास मिनिटं फायलींची नावं एकेक करून पडद्यावरून वर सरकत होती. यादीचं अवजार आलं. तारखेचं आलं. सासूबाई प्रत्येकाचं असं स्वागत करत होत्या, जणू परगावी गेलेली माणसं एकामागून एक दारात उतरत होती. मधे सासरे धापा टाकत एकतीस पायऱ्या चढून डबा घेऊन आले, आणि आम्ही थोरल्याच्या अंगावर काही सांडू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून जेवलो.

एक वाजून वीस मिनिटांनी टेप थांबली. सासूबाईंनी थोरल्याला त्याच्या स्वतःच्या डिस्कवरून उठवायला सांगितलं. मी टेप काढली, बटण दाबलं. तोवर साहेबही वर येऊन दारात उभे राहिले होते. पडदा काळा. आम्ही वाट पाहिली. पडदा काळाच.

मी परत दाबलं. काही नाही. साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि लावायला दुसरं पेन नसल्यामुळे ते तसंच हातात धरलं. मी सासूबाईंकडे वळले तर त्या तोंडावर पदर धरून बसल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, झालं, रडल्या.

त्या हसत होत्या. त्यांना बोलता येईना. शेवटी कशाबशा म्हणाल्या, "अगं, डिस्कच्या पहिल्या ओळीत लिहावं लागतं ना, यंत्र उठवायचं कसं ते. सगळं घर बांधलं आणि दारच ठेवलं नाही."

सव्वीस वर्षांत त्यांनी हे शिकाऊ माणसांना पन्नास वेळा बजावलं होतं. बजावून बजावून लक्षात राहिलं होतं, फक्त आज सोडून. त्यांच्या चेहऱ्यावर लाज शोधूनही सापडत नव्हती, आणि त्यांना तसं हसताना बघून माझ्यातलं सकाळपासून पिळून बसलेलं काहीतरी सुटलं. मीही हसायला लागले. केमिस्टबाई हसल्या, भट्टीमास्तर का हसायचं ते न कळताच हसले. साहेब तेवढे गंभीर होते, ते बघून तर आमची मुरकुंडीच वळली. सासूबाईंच्या प्लास्टरचा पाय गठ्ठ्यावरून घसरला आणि त्या विव्हळता विव्हळताच हसत राहिल्या.

परत टेप, परत बारा मिनिटं, परत तात्पुरतं बिऱ्हाड. या वेळी दार ठेवलं. दोनला पाच कमी असताना बटण दाबलं आणि थोरल्याने घसा खाकरला. मग ओळीमागून ओळ यायला लागली. डिस्क सापडल्या. फायली तपासल्या, ठीक आहेत. आणि मग त्याने नाव आणि परवलीचा शब्द विचारला.

माझं नाव त्याला माहीतच नव्हतं. त्याचं मूळ आठ वर्षांपूर्वीचं होतं, मी तेव्हा त्या कारखान्याच्या फाटकाबाहेरूनही गेले नव्हते. शुक्रवारच्या टेपवरून आजची नावं उतरवायची तर आधी आत शिरायला हवं, आणि आत शिरायचा शब्द जगात एकाच बाईला ठाऊक होता.

"आई, शब्द काय होता?"

सासूबाई लाल झाल्या. त्यांनी दाराकडे पाहिलं. साहेब तिथेच होते. आठ वर्षांपूर्वी हेच साहेब नवीन आले होते. सासूबाई म्हणाल्या की मी स्वतः टाइप करते, मला टेबलाशी न्या. पण पाय काही टेबलाखाली जाईना. शेवटी त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि माझ्या कानात सांगितलं.

शब्द होता साहेबशंख.

मी इंग्रजी अक्षरांत लिहायला लागले. आठ अक्षरं झाल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "पुढचं राहू दे," त्या कानात पुटपुटल्या, "तो आठाच्या पुढे वाचतच नाही."

म्हणजे थोरल्याच्या लेखी साहेब अर्धेच शंख होते. मी हे त्यांच्या कानात म्हटलं मात्र, आणि आम्हा दोघींना जे काही झालं ते सांगता येणार नाही. मी कीबोर्डवर कपाळ टेकलं. शब्द चुकला, परत लिहावा लागला, परत चुकला. साहेबांनी अगदी काळजीने विचारलं की काही अडचण आहे का. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "नाही साहेब. तुमचीच आठवण काढून आत शिरतोय."

तिसऱ्यांदा बरोबर बसला. थोरला उघडला, आणि आत शिरणाऱ्यासाठी ठेवलेला निरोप पडद्यावर आला. तो सासूबाईंनी शेवटच्या दिवशी लिहून ठेवलेला होता. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी पुसला असणार, कारण मी तो कधीच पाहिला नव्हता. लिहिलं होतं: उद्यापासून मी नाही. थोरल्याला सोमवारी घाई करू नका. अडलं तर फोन करा, मी घरीच असते. खाली आमच्या घरचा नंबर.

माझं हसू थांबलं. मी तो दोनदा वाचला. सासूबाईही वाचत होत्या, चष्मा वर करून, दुसऱ्या कुणाचं पत्र वाचावं तसा.

"केला की मी फोन," मी म्हटलं.

"मग? मी पहिल्या रिंगला उचलला," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "शुक्रवारची टेप घाल, बघत काय बसलीस."

दोन वाजून वीस मिनिटांनी मी तोलाईचा कार्यक्रम सुरू केला. खाली पट्टा हलला. वाळूचा पहिला लोट घसरल्याचा आवाज जमिनीतून तळपायांना कळला. भट्टीमास्तर एकतीस पायऱ्या कशा उतरले ते कुणी पाहिलं नाही, पण पावणेतीनला त्यांनी खालून फोन केला की घास तोंडात पडला. साहेबांनी पेन खिशात ठेवलं आणि सासूबाईंना विचारलं की महिन्यातून एकदा येऊन या टेपा खरंच वाचता येतात का ते बघून द्याल का. त्या म्हणाल्या की त्यांच्या सुनेला विचारा, खोली तिची आहे. मी म्हटलं की यावंच, मी फोन करीन.

संध्याकाळी नवऱ्याला एवढंच ठाऊक होतं की आई आज कारखान्यात जाऊन आली. जेवताना त्याने विचारलं की नेमकं झालं काय. मी सांगायला तोंड उघडलं, सासूबाईंकडे पाहिलं, आणि सगळं फुकट गेलं. त्यांनी स्वतः सांगून पाहिलं. पिंजऱ्यापर्यंत जेमतेम पोचल्या आणि पाण्याचा ठसका लागला. मी त्यांची पाठ चोळत होते आणि मलाच धड बसता येत नव्हतं. नवरा घास हातात धरून एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघत राहिला. सासऱ्यांनी त्याला जेवायला सांगितलं, या दोघी आज काही आवरायच्या नाहीत म्हणाले, आणि पहिल्यापासून सगळं स्वतःच सांगायला घेतलं, अर्थात त्यांना जेवढं बोटांमधून दिसलं होतं तेवढं.